संख्यात्मक संशोधनपद्धती सर्व शाखांना एकच असते का? (३८४ या आकड्यासह)

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कृषी अर्थशास्त्रात पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. ठिबक सिंचनामुळे उसाला दिल्या जाणाऱ्या पाण्यात प्रत्यक्षात किती फरक पडतो, हा माझा विषय आहे. सध्या कोर्सवर्क चालू आहे. संशोधनपद्धतीच्या वर्गात भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र, वाणिज्य, मानसशास्त्र अशा सर्व शाखांचे विद्यार्थी एकत्र बसतात आणि पाठ्यपुस्तक सर्वांना एकच वाट दाखवते. परिकल्पना मांडायची, नमुना ठरवायचा, प्रश्नावली भरून घ्यायची, एसपीएसएस या संगणक-प्रणालीत टी-चाचणी किंवा काय-स्क्वेअर चाचणी लावायची आणि पी-मूल्य (मुळात फरक नसताना इतका फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आले की परिकल्पना मान्य झाली असे लिहायचे.

भौतिकशास्त्राच्या सहाध्यायांचे म्हणणे असे की त्यांच्याकडे प्रश्नावली नसते आणि ०.०५ ला कोणी विचारत नाही. प्राणिशास्त्राच्या सहाध्यायी म्हणतात की त्यांना नमुना किती घ्यावा यापेक्षा जे प्राणी दिसलेच नाहीत ते कसे मोजावेत, याची चिंता अधिक असते. मला मात्र ३८४ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेण्यास सांगण्यात आले आहे. हा आकडा 'सर्वमान्य' आहे, एवढेच त्याचे कारण मिळाले.

माझे दोन प्रश्न आहेत. ३८४ हा आकडा माझ्या विषयाला खरोखर लागू होतो का? आणि या सर्व शाखांच्या पद्धती इतक्या वेगळ्या असतील, तर त्यांना एका छत्राखाली शिकवण्याजोगे समान असे काय आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिवारगणित

मी कृषी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे आपल्या प्रश्नाचा पहिला भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे. ३८४ हा आकडा असंख्य प्रबंधांत दिसतो आणि तो कुठून आला, हे क्वचितच लिहिलेले असते. मोठ्या लोकसंख्येत एखादा गुणधर्म असलेल्यांचे प्रमाण शोधायचे आहे, ते ९५ टक्के विश्वासपातळीने आणि ५ टक्के-बिंदूंच्या आत सांगायचे आहे, आणि प्रमाणाचा पूर्वअंदाज नसल्याने ते निम्मे धरले आहे, अशा स्थितीत १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग हे गणित ३८४.१६ इतके येते. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्याच्या तळाशी हाच आकडा आहे. म्हणजे तो एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आहे, आणि आपला प्रश्न तो नाही.

आपल्याला दोन गटांच्या सरासरीतील फरक शोधायचा आहे. त्यासाठी लागणारी संख्या शेताशेतांतील चढउतारावर, म्हणजे प्रमाण विचलनावर, आणि किती फरक आढळला तर तो आपण महत्त्वाचा मानणार यावर ठरते. समजा, प्रमाण विचलन सरासरीच्या ३० टक्के आहे आणि १५ टक्क्यांचा फरक असल्यास तो ८० टक्के खात्रीने सापडावा अशी आपली अपेक्षा आहे. मग ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे पी-मूल्याची मर्यादा ०.०५ धरून) प्रत्येक गटात सुमारे ६३ शेते पुरतात. ७.५ टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर हीच संख्या चौपट, म्हणजे अडीचशेच्या घरात जाते.

दुसरी गोष्ट अशी की हे सारे गणित साध्या यादृच्छिक निवडीचे आहे. आपण गावे निवडाल आणि प्रत्येक गावात वीस-वीस शेतकरी घ्याल. एकाच गावातील शेतकऱ्यांची जमीन, विहिरींची पातळी, विजेच्या वेळा आणि कारखाना बहुधा सारखा असतो, त्यामुळे विसावा शेतकरी पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. हे साम्य दर्शवणारा गुणांक केवळ ०.१ असला, तरी गावामागे वीस मुलाखती घेतल्यास विचरण (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) २.९ पट होते आणि ३८४ मुलाखतींचे मोल सुमारे १३२ स्वतंत्र मुलाखतींइतके उरते. लसीकरणाच्या मोजणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेल्या जुन्या पद्धतीत ३० समूह आणि प्रत्येकी ७ बालके घेतली जात, तीत ही घट आधीच हिशेबात धरलेली होती. म्हणून गावे वाढवावीत आणि गावामागच्या मुलाखती कमी कराव्यात.

मात्र याहून मोठी अडचण संख्येने सुटणारी नाही, आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्याजवळचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे १९४० च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या पद्धती बसवत होते. त्याच काळात कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे पथक शेतात काही फूट त्रिज्येचे वर्तुळ आखून तेवढेच पीक कापत असे. लहान तुकडा लवकर कापून होतो, म्हणून एका हंगामात पुष्कळ तुकडे घेता येतात आणि यादृच्छिक चूक कमी होते, हा त्यामागचा विचार होता. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतात वेगवेगळ्या आकारांचे तुकडे शेजारीशेजारी कापून दाखवले की तुकडा जितका लहान, तितके उत्पादन वास्तवापेक्षा अधिक येते. १९४६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांनी हे मांडले.

कारण साधे आहे. काठावरचे ताट आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा काठ अडीच सेंटिमीटर बाहेर सरकला तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. ५ मीटर गुणिले ५ मीटरच्या चौकोनाचा काठ तेवढाच सरकला तर वाढ २ टक्के होते. लहान वर्तुळे शंभर घ्या किंवा दहा हजार घ्या, ही साडेआठ टक्क्यांची चूक तशीच राहते. उलट नमुना वाढल्यामुळे चुकीचा आकडा अधिक ठाम दिसू लागतो. पीकविम्यासाठी आज आपल्याकडे जे पीक कापणी प्रयोग होतात, त्यांत अनेक पिकांसाठी ५ गुणिले ५ मीटरचा प्लॉट आखला जातो, त्यामागे हा वाद आहे.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे : प्रत्येक शाखेने आपल्या पद्धती तिला सर्वाधिक भेडसावणाऱ्या चुकीला तोंड देण्यासाठी घडवल्या आहेत. समान शिकवण्याजोगे तेच आहे. प्रश्नावली, टी-चाचणी, ०.०५ ही त्या त्या ठिकाणची अवजारे आहेत.

ध्रुवमत्स्य

शिवारगणित सरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. भौतिकशास्त्रात परिकल्पना-चाचणी नसते, हे मात्र आपल्या सहाध्यायांनी थोडे घाईने सांगितले असावे. ती असते, पण शून्य परिकल्पनेखाली, म्हणजे प्रत्यक्षात काहीच परिणाम नसता तर, काय दिसले असते, हे आम्ही शक्यतो पुस्तकातील तक्त्यावरून घेत नाही. ते आमच्याच उपकरणातून काढतो.

गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या अमेरिकेतील दोन शोधयंत्रांत नोंदला गेला. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील ही यंत्रे एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत आणि प्रकाशाला हे अंतर कापायला १० मिलिसेकंद लागतात. प्रश्न असा होता की दोन्हीकडच्या गोंगाटात योगायोगाने एकाच वेळी असा आकार उमटण्याची शक्यता किती? हे ठरवण्यासाठी एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत १० मिलिसेकंदांहून अधिक मागेपुढे सरकवली गेली. असे सरकवल्यावर जो काही जुळलेला संकेत दिसेल तो खऱ्या लहरीमुळे असूच शकत नाही, तो केवळ योगायोग असतो. सुमारे १६ दिवसांच्या नोंदी अशा असंख्य प्रकारे सरकवून लाखो वर्षांच्या निरीक्षणाइतका योगायोगांचा साठा तयार झाला आणि निष्कर्ष निघाला की इतका ठळक योगायोग २,०३,००० वर्षांत एकदापेक्षाही कमी वेळा घडेल. ५.१ सिग्मा हा आकडा त्यातून आला (सिग्मा म्हणजे योगायोगाच्या नेहमीच्या चढउताराचे एकक; सिग्मा जितके अधिक, तितका योगायोग दुर्मीळ). हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या नोंदींवर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हेच तंत्र शिकावे लागेल.

अर्थशास्त्रातही हे करता येते. 'ठिबक' आणि 'पाट' ही नावे शेतांवर यादृच्छिक रीतीने हजारो वेळा पुन्हा वाटावीत आणि दर वेळी सरासरीतला फरक काढावा. खरा फरक त्या ढिगाऱ्यात कुठे बसतो ते पाहिले की पी-मूल्य हाती येते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मधील प्रयोगरचनेवरील ग्रंथात मांडलेल्या विचाराचेच हे रूप आहे.

पाच सिग्मा म्हणजे योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. इतका कडक निकष असूनही एकाच दिशेची चूक त्याला जुमानत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगगटाने जाहीर केले की सर्न (जिनिव्हाजवळ) ते ग्रान सासो (इटली) हे सुमारे ७३० किलोमीटरचे अंतर न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांनी प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पार केले. नोंदी १५ हजारांहून अधिक होत्या आणि निष्कर्ष सहा सिग्मांचा होता. पुढच्या काही महिन्यांत कळले की मुख्यतः एक प्रकाशतंतूची केबल नीट बसलेली नव्हती. गव्हाच्या वर्तुळाचा काठ आणि ही केबल या एकाच जातीच्या चुका आहेत. म्हणूनच आमच्या प्रबंधांत मापनयंत्राच्या अंशांकनाचे (यंत्र बरोबर मोजते ना, या पडताळणीचे) प्रकरण निष्कर्षांच्या प्रकरणापेक्षा कित्येकदा मोठे असते, आणि समाजशास्त्रांतील प्रबंधांत प्रश्नावलीची तपासणी एका परिच्छेदात उरकली जाते तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता माझी काळजी वेगळ्या ठिकाणी गेली आहे. मी शेतकऱ्यांना 'किती तास पंप चालवता?' असे विचारून त्याला पंपाच्या प्रवाहाने गुणणार होते. हा माझा गव्हाचा काठ ठरेल का? आणि प्राणिशास्त्रातील 'न दिसलेले प्राणी' मोजण्याची पद्धत माझ्या विषयाशी कुठे जुळते का?

माळढोक

ताई, न दिसलेल्यांच्या मोजणीबद्दल मी लिहितो, कारण वन्यजीव आणि जनगणनाशास्त्र यांच्यात इथे एक विलक्षण नाते आहे आणि त्यातला एक दुवा आपल्या मुंबईत आहे.

तळ्यातून मासे पकडावेत, खूण करून सोडावेत, पुन्हा जाळे टाकावे आणि खूण केलेले किती परत आले ते पाहावे, ही पद्धत प्राणिशास्त्रात लिंकन आणि पीटरसन यांच्या नावाने शिकवतात. भारतात वाघांच्या बाबतीत उल्लास कारंथ यांनी नागरहोळेमध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून तिचा वापर केला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. वाघाचे पट्टे हीच त्याची खूण असल्याने त्याला पकडावे लागत नाही. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले तेव्हा पावलांच्या ठशांवरून होणाऱ्या जुन्या गणनेवरचा विश्वास उडाला, आणि २००६ पासूनच्या राष्ट्रीय अंदाजात कॅमेऱ्यांना व या गणिताला स्थान मिळाले. २०२२ च्या अंदाजात देशातील वाघ ३,१६७ ते ३,९२५ या मर्यादेत, सरासरी ३,६८२ असल्याचे सांगितले गेले. बातम्यांत शेवटचा एकच आकडा येतो, पण अभ्यासकाच्या दृष्टीने पहिले दोनच अधिक महत्त्वाचे आहेत.

आता जनगणनाशास्त्राकडे वळू. सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरातील नोंदी घेऊन जन्ममृत्यूंची खरी संख्या काढण्याची रीत मांडली. चंद्रशेखरन पुढे मुंबईत, आज ज्या संस्थेला देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखतो, तिचे संचालक झाले. रीत अशी : समजा, गावाच्या नोंदवहीत ८० मृत्यू आहेत, घरोघरच्या स्वतंत्र पाहणीत ७५ सापडले आणि त्यांतले ६० दोन्हीकडे आहेत. पाहणीत सापडलेल्या ७५ पैकी ६०, म्हणजे ८० टक्के, नोंदवहीत होते. म्हणजे नोंदवही सर्वसाधारणपणे ८० टक्के मृत्यू पकडते. म्हणून एकूण मृत्यू १००. प्रत्यक्षात दोन्हीकडे मिळून ९५ च दिसले, पाच कोणालाच दिसले नाहीत. माशांच्या सूत्रात आणि या सूत्रात अक्षराचाही फरक नाही. देशाचा जन्मदर आणि बालमृत्युदर ज्या नमुना नोंदणी योजनेतून येतो, तिच्यातही गावातील गणक वर्षभर नोंदी ठेवतो, पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो आणि मग दोन्ही याद्या जुळवून पाहिल्या जातात.

सूत्र उधार घेतले की त्याची अटही उधार येते. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, ही इथली अट आहे. नाव ठेवण्याआधीच दगावलेले बाळ नोंदवहीतही येत नाही आणि घरोघरच्या पाहणीतही घरचे लोक त्याचा उल्लेख करत नाहीत. असे मृत्यू दोन्ही याद्यांतून एकत्रच निसटतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. वाघांत हेच एखाद्या बुजऱ्या मादीमुळे होते, जी कोणत्याच कॅमेऱ्यासमोर येत नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तुलनेची ४७ गावे होती. नवजात मृत्युदरात तिसऱ्या वर्षी ६२ टक्के घट दिसली, ही त्याची कीर्ती आहे. पण दोन्ही भागांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू सारख्याच कसोशीने मोजला गेला नसता, तर त्या ६२ टक्क्यांना काही अर्थ उरला नसता.

आपल्या विषयात 'न दिसलेले' म्हणजे काही वर्षांत ठिबक काढून टाकलेले शेतकरी असावेत. अनुदानाच्या यादीवरून नमुना घेतलात तर स्वखर्चाने संच बसवणारे सुटतील, आणि सध्या ठिबक चालू असलेल्यांनाच भेटलात तर ज्यांना ते लाभले नाही ते सुटतील. अनुदानाची यादी आणि गावातली स्वतंत्र पाहणी अशा दोन याद्या जुळवून पाहाव्यात, असे मी सुचवेन.

अर्थवेध

एक मुद्दा राहिला आहे, तो थोडक्यात मांडतो. कधीकधी चूक मोजमापात नसते आणि नमुन्यातही नसते; काय मोजायचे यावरच मतभेद असतो. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०-६१ च्या खर्चाच्या आकडेवारीवरून, दरडोई रोज २,२५० कॅलरी हा निकष लावून, ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरी भागात सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे मांडले. त्यावर वर ज्यांचा उल्लेख आला त्याच सुखात्मे यांनी आक्षेप घेतला की माणसाचा आहार दिवसागणिक बदलतो, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेखालचा प्रत्येक जण कुपोषित मानता येणार नाही आणि रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. हा वाद वर्षानुवर्षे चालला. नमुना दहापट करूनही तो मिटला नसता, कारण तो शरीराच्या गरजेविषयीचा होता. माझ्या मते सुखात्मे यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा बरोबर होता, पण अर्धपोटी माणसाने कमी हालचाल करून साधलेला समतोल 'पुरेसा आहार' मानणे मला पटत नाही.

आपल्याकडेही तोच प्रश्न आहे. पाण्याची बचत म्हणजे हेक्टरी कमी पाणी, टनामागे कमी पाणी, की गावाच्या भूजलातून कमी उपसा? वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी अर्धा एकर ऊस लावला, तर पहिल्या व्याख्येने बचत होते आणि तिसरीने होत नाही. परिकल्पना लिहिण्याआधी हे ठरवा.

शिवारगणित

पंपाच्या तासांविषयी : होय, तोच आपला काठ आहे. वीज रात्री येते, स्वयंचलित स्टार्टर लावलेला असतो आणि शेतकरी अनेकदा वीज उपलब्ध असण्याचे तास सांगतात, पंप चालल्याचे नव्हे. पंपावरच्या पाटीवर लिहिलेला प्रवाह आणि विहिरीची पातळी खाली गेल्यावरचा प्रवाह यांतही मोठे अंतर असते. शिवाय ठिबकवाल्याला आपण कमी पाणी वापरतो असे सांगावेसे वाटते, त्यामुळे ही चूक दोन्ही गटांत सारखी नसेल, आणि तीच सर्वांत घातक.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या खर्चात बसतो. तीसेक गावांतून प्रत्येकी पाच-सहा शेतकऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात. त्यांतून यादृच्छिक रीतीने तीस-चाळीस शेते, दोन्ही गटांतून सारखी, निवडून तिथे हंगामभर पाण्याचे मीटर बसवावेत. मीटरचे आकडे आणि शेतकऱ्यांनी सांगितलेले आकडे यांच्यातील संबंध प्रत्येक गटासाठी स्वतंत्र काढून बाकीच्या मुलाखती त्यानुसार दुरुस्त कराव्यात. संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी १९३८ मध्ये मांडलेली दुहेरी नमुना निवड ती हीच. दुसरे असे की मुलाखती घेणारे दोन जण असतील, तर प्रत्येक गावातील निम्मे शेतकरी चिठ्ठी टाकून एकेकाकडे द्यावेत. दोघांच्या सरासरीत मोठा फरक आला तर तो शेतकऱ्यांतला नसून विचारण्यातला आहे, हे लगेच कळते. ही युक्ती महालनोबिस यांची आहे. लहान तुकड्यांच्या वादात मी सुखात्मे यांच्या बाजूचा असलो, तरी पाहणी करणाऱ्याची चूक पकडण्यासाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

समितीने ३८४ विषयी विचारले, तर आराखड्यात प्रमाण विचलनाचा अंदाज कोठून घेतला, किती फरक महत्त्वाचा मानला, गावामागचे साम्य किती धरले, हे तीन आकडे आणि त्यावरून निघालेली संख्या लिहून द्यावी. मीटर बसवण्याआधी त्या शेतकऱ्यांची मुलाखत मात्र पूर्ण करून घ्या. एकदा मीटर डोळ्यांसमोर आला की ते त्यावरचा आकडा वाचून सांगू लागतील आणि दुरुस्तीसाठी लागणारा फरकच नाहीसा होईल.